आठशे वीस फॅदम म्हणजे किती मीटर?

"पाण्यातला आवाजाचा वेग सेकंदाला ८२० फॅदम आहे, तो मीटरमध्ये सांगा." हा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही अर्ध्या मिनिटात सोडवाल. एक फॅदम म्हणजे सहा फूट, एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून एक फॅदम १.८२८८ मीटर. गुणाकार केला की उत्तर १४९९.६१६ मीटर. पैकीच्या पैकी गुण. पण याच गुणाकाराच्या भरवशावर तुम्ही उद्या न्हावा शेवाच्या खाडीत गेल्या शंभर वर्षांत किती गाळ साचला हे शोधायला बसलात, तर जिथे कणभरही गाळ साचलेला नाही तिथे तुमच्या आलेखात चाळीस सेंटिमीटर गाळ दिसेल. आणि गुणाकारात तुमची काहीही चूक नसेल.

हे कसं होतं ते समजायला थोडा इतिहास बघावा लागतो. पर्यावरणशास्त्र, भूगोल, समुद्रविज्ञान, स्थापत्य, कुठल्याही शाखेतून संशोधनाकडे येत असाल तरी जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी मांडायची वेळ तुमच्यावर येणारच आहे. म्हणून एक उदाहरण नीट खोलात जाऊन बघू.

आधी आवाजाशिवायची मोजणी. आपल्याकडे कोळी बांधव पाण्याची खोली 'वाव' मध्ये सांगतात. दोन्ही हात पसरून दोरी ताणली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव, म्हणजे साधारण चार हात. इंग्रजी 'फॅदम'चा मूळ अर्थही पसरलेले हात, कवेत घेणं असाच आहे. दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची माणसं दोरी हाताने ओढत होती, म्हणून माप सारखं निघालं. यात नवल वाटण्यासारखं काही नाही, पण मला हे नेहमी आवडतं. पुढे इंग्रजांनी फॅदम बरोबर सहा फुटांवर बांधून टाकला. वाव मात्र हात पसरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे थोडा इकडेतिकडे होत राहिला. ज्या शेवा गावाचं नाव बंदराला मिळालं ते गाव बंदरासाठी हलवलं गेलं. तिथल्या खाडीची वावांमधली खोली ज्यांना तोंडपाठ होती त्यांची माहिती कुठल्या नकाशावर उतरली नाही, हा वेगळा विषय आहे आणि कुणीतरी त्यावर काम करायला हवं.

जहाजांवरची पद्धतही तीच होती. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, तळाला लागेपर्यंत सोडायचं, दोरीवरच्या खुणा मोजायच्या. वजनाच्या बुडाशी खळगा असायचा. त्यात चरबी भरली की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर यायचा. म्हणजे खोली आणि तळाचा नमुना एकाच खेपेत. १८७४ साली कलकत्त्यात सागरी सर्वेक्षणाचा विभाग सुरू झाला (आजच्या डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा तो पूर्वज). त्या काळची मोजणी अशीच. या पद्धतीचे दोष ठाऊक आहेत: प्रवाहात दोरी तिरकी होते, ओली दोरी लांबी बदलते, मऊ चिखलात वजन रुतून जातं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. या मोजणीत आवाजाचा वेग कुठेच येत नाही.

तो वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो समुद्रात नाही, तळ्यात. नोव्हेंबर १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात ज्यां-दानिएल कोलादों आणि गणिती शार्ल स्टुर्म यांनी दोन नावा १३,४८७ मीटर अंतरावर उभ्या केल्या. एका नावेखाली पाण्यात घंटा होती. घंटेवर घाव पडला की त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा जाळ व्हायचा. दुसऱ्या नावेतला माणूस जाळ दिसल्यापासून पाण्यात बुडवलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. वेळ आला ९.४ सेकंद. पाण्याचं तापमान साधारण ८ अंश सेल्सियस. भागाकार केला की सेकंदाला १४३५ मीटर. हाच आकडा फुटांत आणा: ४७०८. आता विचार करा, वेळ मोजताना पाव सेकंद इकडेतिकडे झाला असता तर? उत्तर ३८ मीटरने बदललं असतं. म्हणजे ४७०८ मधला शेवटचा ८ हा रूपांतरातून आलेला आहे, सरोवरातून नाही. एककं बदलताना अंक वाढतात, माहिती वाढत नाही.

कोलादोंला घंटेपासून कानापर्यंतचा एकेरी प्रवास मोजायचा होता. खोली मोजायला परतीचा प्रवास लागतो: आवाज खाली सोडायचा, तळावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडायचा, वेळ निम्मा करून वेगाने गुणायचं. टायटॅनिक १९१२ साली बुडाली आणि हिमनग ओळखण्याचं साधन शोधायची घाई सुरू झाली. एप्रिल १९१४ मध्ये रेजिनल्ड फेसेंडेन याने आपल्या विद्युत आंदोलकाने उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगाचा प्रतिध्वनी ऐकला, आणि त्याच वेळी समुद्रतळाचाही. जर्मनीत अलेक्झांडर बेम हाही याच दिशेने काम करत होता. १९२० च्या दशकात प्रतिध्वनीने खोली मोजणारी यंत्रं जहाजांवर बसू लागली. त्यांनाच आपण इको साउंडर म्हणतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. यंत्राला फक्त वेळ कळतो. खोली दाखवायची तर वेग आधीच ठरवून द्यावा लागतो. तो किती द्यायचा?

अमेरिकी यंत्रांनी घेतला सेकंदाला ४८०० फूट. सहाने भागा: ८०० फॅदम. परतीच्या प्रवासासाठी निम्मा: ४००. म्हणजे वेळ सेकंदात मोजा, ४०० ने गुणा, खोली फॅदममध्ये तयार. तोंडी हिशोब. ब्रिटिशांनी घेतला ४९२० फूट, म्हणजे ८२० फॅदम. युरोपातल्या मेट्रिक देशांना सोयीचा आकडा १५०० मीटर. तिन्ही एकाच एककात मांडून बघा: अमेरिकी १४६३.०४, ब्रिटिश १४९९.६२, मेट्रिक १५००. ब्रिटिश आणि मेट्रिक आकडे व्यवहारात एकच समजले जातात, अमेरिकी आकडा अडीच टक्क्यांनी मागे आहे. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच तळावर अमेरिकी यंत्र ब्रिटिश यंत्रापेक्षा उथळ पाणी दाखवणार. फॅदमही तोच, फूटही तोच. फरक एककाचा नाहीच, गृहीतकाचा आहे.

आणि हे गृहीतक कागदावर लिहिलेलं असेलच असं नाही. जुन्या नोंदणी यंत्रांत एक लेखणी ठरावीक गतीने कागदावरून फिरायची. आवाज सुटला तेव्हा एक ठिपका, प्रतिध्वनी आला तेव्हा दुसरा. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे खोली, आणि बाजूला छापलेली फूटपट्टी फॅदममध्ये. मग ८२० हा आकडा कुठे होता? मोटरच्या फेऱ्यांमध्ये. मोटर थोडी हळू फिरली की समुद्र उथळ व्हायचा. अभिलेखागारात असा पिवळा पडलेला कागदाचा गुंडाळा हाती आला तर त्यावर फॅदम दिसतील, वेग दिसेलच असं नाही. तो यंत्राच्या माहितीपुस्तकात किंवा सर्वेक्षण अहवालाच्या एखाद्या परिच्छेदात शोधावा लागतो.

त्या काळच्या लोकांना हे कळत नव्हतं असं अजिबात समजू नका. डी. जे. मॅथ्यूज यांनी ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीसाठी दुरुस्तीची कोष्टकं तयार केली. पहिली आवृत्ती १९२७, दुसरी १९३९. महासागरांचे विभाग पाडून प्रत्येक विभागात किती खोलीवर किती मिळवायचं किंवा वजा करायचं ते दिलेलं. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली, तिच्याकडेही इको साउंडर होता. मोहिमेचे प्रमुख सीमोर सिवेल हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे माजी संचालक. त्याआधी सर्वेक्षण जहाज 'इन्व्हेस्टिगेटर'वर राहून त्यांनी आपल्या समुद्रांचं तापमान आणि क्षारता यांवर बरंच काम केलेलं होतं. तापमान, क्षारता आणि दाब, या तीन गोष्टींवरच आवाजाचा वेग ठरतो.

खोल समुद्रात १५०० हा आकडा तसा चांगलाच निभावतो. वरचं पाणी उबदार, तिथे वेग जास्त. खाली गार, तिथे वेग कमी. आणखी खाली दाबामुळे वेग पुन्हा वाढतो. सगळ्याची सरासरी पंधराशेच्या आसपास येते. पण बंदरात? तिथे खालचं गार पाणी नसतंच. वरपासून तळापर्यंत सगळा उबदार थर.

हिशोब करून बघू. मेडविन यांनी १९७५ मध्ये दिलेलं सोपं सूत्र वापरू. १४४९.२ पासून सुरुवात करायची. तापमानाला ४.६ ने गुणून मिळवायचं. तापमानाच्या वर्गाला ०.०५५ ने गुणून वजा करायचं. घनाला ०.०००२९ ने गुणून मिळवायचं. मग क्षारता ३५ पेक्षा जितकी कमी-जास्त असेल तितक्यासाठी एक छोटी दुरुस्ती, आणि खोलीच्या दर मीटरला ०.०१६. समजा खाडीचं पाणी २८ अंश आहे आणि क्षारता ३५. वेग येतो सेकंदाला सुमारे १५४१ मीटर. हिवाळ्यात २४ अंश धरा: १५३२. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी उतरून क्षारता २० झाली असं समजा, तापमान २८ च: १५२५. म्हणजे ऋतू कुठलाही घ्या, वेग पंधराशेच्या बराच वर.

१५४१ आणि १५०० यांच्यात पावणेतीन टक्क्यांचा फरक आहे. १५ मीटरवर हा फरक ४१ सेंटिमीटर होतो. यंत्र १५ मीटर म्हणतंय तेव्हा खरं पाणी १५.४१ मीटर आहे.

कप्तानाच्या दृष्टीने ही चूक चांगल्या बाजूला आहे, कारण नकाशापेक्षा पाणी जास्तच मिळतं. म्हणूनच कदाचित ती इतकी वर्षं चालून गेली. पण गाळ उपसणाऱ्याच्या आणि संशोधकाच्या दृष्टीने ती धोक्याची आहे. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, आणि मुंबई बंदराच्या खाडीत गाळ येत राहतो, त्यामुळे उपसा हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. जलमार्ग टप्प्याटप्प्याने खोल केला गेला: पहिल्या टप्प्यात १४ मीटर ड्राफ्टच्या, दुसऱ्यात १५ मीटर ड्राफ्टच्या जहाजांना भरतीचा आधार घेऊन येता यावं म्हणून. आता समजा उपशाआधीची मोजणी १५०० वर लावलेल्या यंत्राने झाली आणि नंतरची १५४१ वर. काहीही न उपसता १५ मीटर पाण्यात ४१ सेंटिमीटर खोली वाढलेली दिसेल. एक चौरस किलोमीटरवर हा गाळ होतो ४ लाख १० हजार घनमीटर. दोन्ही मोजण्या एकाच वेगाने केल्या असत्या, मग तो चुकीचा का असेना, तर बराचसा दोष वजाबाकीत निघून गेला असता. चुकीचा वेग एकवेळ परवडतो, मध्येच बदललेला वेग परवडत नाही.

आता शंभर वर्षांचा आलेख डोळ्यांसमोर आणा. पहिला टप्पा शिशाच्या वजनाचा: आवाजाचा संबंध नाही. दुसरा टप्पा ८२० फॅदमचा. तिसरा टप्पा आजचा, ज्यात पाण्यातला वेग प्रत्यक्ष मोजून यंत्राला दिला जातो. तळ जागचा हलला नाही असं धरा. खरी खोली ८ फॅदम, म्हणजे १४.६३ मीटर. पहिल्या टप्प्यात नोंद १४.६३. दुसऱ्या टप्प्यात यंत्र दाखवणार साधारण १४.२४. तिसऱ्यात पुन्हा १४.६३. तुम्ही सगळ्या फॅदमना १.८२८८ ने गुणून आलेख काढला तर खाडी आधी गाळाने भरलेली आणि मग आपोआप मोकळी झालेली दिसेल. या खड्ड्याला कारणं शोधायचा मोह किती होईल बघा: भराव, धरणं, बंदराचं बांधकाम, सगळं त्याच काळात झालेलं आहे. कारणं खरी आहेत, खड्डा खोटा.

भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली तो १९५६ चा कायदा. १ ऑक्टोबर १९५८ पासून अंमल सुरू झाला आणि १९६२ पर्यंत जुनी मापं व्यवहारातून हद्दपार झाली. सागरी नकाशे हळूहळू मीटरमध्ये आले. ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीनेही १९६० च्या दशकाच्या शेवटी मीटरकडे वळायला सुरुवात केली. पण फॅदमचा नकाशा मीटरमध्ये छापला म्हणून तिथे कुणी नव्याने मोजणी केली असं होत नाही. 'मीटर' हा शब्द बघून आकडा आधुनिक आहे असं समजू नका. मीटरमधली विषम दिसणारी खोली, उदाहरणार्थ ५.५ किंवा ७.३, भेटली तर तिला सहज १.८२८८ ने भागून बघावं. ३ आणि ४ निघाले तर शंका घ्यायला जागा आहे.

जाता जाता 'भारतीय फूट' बद्दल, कारण हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. जुन्या भारतीय भूमापनात फूट ०.३०४७९९५१ मीटरचा धरलेला आढळतो. १९५९ मध्ये ठरलेला आंतरराष्ट्रीय फूट बरोबर ०.३०४८. पंधरा मीटर खोलीवर यामुळे पडणारा फरक केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे, सोडून द्या. पण मूळबिंदूपासून हजार किलोमीटर दूरच्या बिंदूचं स्थान काढताना हाच फरक दीड मीटरच्या वर जातो. म्हणजे कुठल्या दशांशाची काळजी करायची हे आकडा कशासाठी वापरताय त्यावर ठरतं. आठ दशांश स्थळं सांभाळून ८२० चं गृहीतक विसरणं म्हणजे सुईची चोरी पकडून बैलजोडी जाऊ देणं.

मग सगळ्या जुन्या आकड्यांना सरसकट १.०२७६ ने गुणायचं का? नाही, इथे घाई करू नका. बंदरातले चांगले सर्वेक्षक रोज सकाळी 'बार चेक' करत आले आहेत. एक धातूची पट्टी खुणा केलेल्या दोरीने ट्रान्सड्यूसरखाली पाच मीटरवर, दहा मीटरवर धरायची, आणि यंत्र तितकंच दाखवेपर्यंत वेगाचं बटण फिरवायचं. अशा मोजणीत दुरुस्ती आधीच झालेली असते. तुम्ही पुन्हा गुणलंत तर नवी चूक तयार कराल. त्यामुळे आधी अहवाल वाचा, बार चेकची नोंद आहे का बघा.

दुसरी गोष्ट भरतीची. नकाशावरची खोली ही ओहोटीच्या एका खालच्या पातळीपासून दिलेली असते. मुंबईत सरासरी उधाणाची भरती त्या पातळीच्या ४.४२ मीटर वर जाते, ओहोटी ०.७६ वर थांबते. मोजणी भरतीला झाली असेल तर आवाज नकाशावरच्या खोलीपेक्षा बऱ्याच जास्त पाण्यातून गेलेला असतो. दुरुस्ती त्या पूर्ण प्रवासाला लागते, आणि तीही ट्रान्सड्यूसरपासून खालीच.

करून बघा. जुन्या नोंदीत नकाशाच्या पातळीपासून ६ फॅदम. यंत्र ८२० वर, बार चेक नाही. मोजणीच्या वेळी भरती १३ फूट, ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ३ फूट. खरा वेग १५४१ मीटर धरा. नुसतं रूपांतर केलं तर ३६ फूट म्हणजे १०.९७ मीटर. सरसकट गुणलं तर ११.२८. नीट हिशोब असा: यंत्रापाशी पाणी दाखवलं ३६ अधिक १३ वजा ३, म्हणजे ४६ फूट. ते १.०२७६ ने गुणून ४७.२७. त्यात ३ मिळवा, १३ वजा करा: ३७.२७ फूट. म्हणजे ११.३६ मीटर.